तुम्ही विचारलंत म्हणून: युंग देव मानायचा का?

व्यसनमुक्तीचं समुपदेशन शिकायला येणारी मुलं कार्ल युंगपर्यंत पोचली की हमखास विचारतात, मॅडम, एवढा मोठा मानसशास्त्रज्ञ, आणि हा देव मानायचा? बहुतेकांनी १९५९ ची बीबीसीची मुलाखत पाहिलेली असते, हाच प्रश्न आल्यावर ऐंशी पार केलेला युंग म्हणतो, मला मानायची गरज नाही, मला माहीत आहे.

मला विचाराल तर हे उत्तर त्याच्या वडिलांपासून सुरू होतं. ते स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ चर्चचे पाळक होते, पोराचे धर्मवर्गही तेच घ्यायचे. पुस्तकात त्रैक्याचा धडा होता, एकाच वेळी एक आणि तीन असलेला देव, आणि पोरगं त्या धड्याची आतुरतेनं वाट बघत होतं. धडा आला तेव्हा वडील म्हणाले, हे आपण सोडून देऊ, मलाच यातलं काही कळत नाही. प्रामाणिक माणूस हो, पण आतून श्रद्धा आटलेली आणि रोज उपदेश करायचा! ती घुसमट युंगनं घरात बघितली.

आणि त्याचा स्वतःचा अनुभव? साधारण बाराव्या वर्षी बाझलच्या कॅथेड्रलचं, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचं, चकाकतं छप्पर बघताना एक विचार डोक्यात शिरायला लागला, तो इतका भयंकर वाटला की पोरानं रात्रीच्या रात्री तो अडवून धरला, शेवटी येऊ दिला. सोन्याच्या सिंहासनावरून देवाची विष्ठा छपरावर पडते आणि कॅथेड्रल फुटतं. पाप लागायच्या ऐवजी कृपा झाल्यासारखं वाटून ते पोर रडलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण असा देव कुठल्याच धर्मवर्गात शिकवलेला नव्हता.

मुलाखतीनंतर त्यानं खुलासाही केला, की अमुक एका देवाची खात्री आहे असं मी म्हणत नाही, माझ्या इच्छेला आडवं येणारं काहीतरी अज्ञात मला भेटतं, त्याला मी देव म्हणतो.

१९६१ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यानं दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सहसंस्थापकाला, बिल विल्सनला, पत्रात लिहिलं की दारूची ओढ म्हणजे खालच्या पातळीवरची, पूर्णत्वाची आध्यात्मिक तहान. माझ्यासमोर बसणाऱ्या पेशंटमध्ये ही तहान मला दिसते, म्हणून देव मान किंवा मानू नकोस असं मी कुणालाच सांगत नाही, पण कुणी म्हणालं की रात्री देव्हाऱ्यापुढे बसल्यावर आतून काहीतरी हललं, तर फाईल बाजूला ठेवून ते सगळं सांगून होईपर्यंत ऐकते.