आमची वाटचाल : कुर्ल्याची प्लिमथ, डेट्रॉइटची प्लिमथ

डेट्रॉइटच्या उत्तरेला मॅडिसन हाइट्समध्ये आमचं दुकान आहे. दुकान कसलं, एक शटर आणि मागे मोठी खोली. तीन माणसं, दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि भिंतभर खोके. काम एकच : जुन्या अमेरिकन गाड्यांचे कार्ब्युरेटर (इंजिनात जाणारं पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडायचे, धुवायचे, झिजलेलं बदलायचं आणि परत जुळवून द्यायचे. 1993 पासून हेच चाललंय.

गाड्यांचं वेड होतं म्हणून मी ह्यात पडलो असं लोकांना वाटतं. तसं काही नव्हतं. 1985 साली थोरल्या ताईनं इकडे बोलावून घेतलं, एका मशीन शॉपमध्ये टर्नरचं काम मिळालं, आणि इथे गाडीवाचून कामावर पोचता येत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं. शॉपमागच्या शेडमध्ये एकाची 1969 ची रोडरनर पडून होती, क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ ह्या ब्रँडची गाडी. नऊशे डॉलरला दिली. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं तळ खाल्लेला. ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसायचा. मी वर एक पत्रा मारला आणि चालवायला लागलो. माझ्या खिशाला परवडणारी तीच एक गाडी होती. पेट्रोल मात्र उसाचा रस प्यावा तशी प्यायची.

आज ह्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात आणि दोरीपलीकडून बघतात. मुळात त्या तशा नव्हत्याच. 1964 मध्ये पॉन्टिअ‍ॅकनं आपल्या मधल्या आकाराच्या साध्या गाडीत 389 क्युबिक इंचाचं दांडगं इंजिन बसवलं आणि जीटीओ म्हणून विकली. एवढं मोठं इंजिन त्या आकाराच्या गाडीत घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. म्हणून ती वेगळी गाडी नव्हेच, तीनशे डॉलरच्या आतबाहेरची जादा सोय आहे, असं दाखवून पळवाट काढली. पहिल्याच वर्षी 32 हजारांवर गाड्या गेल्या.

रोडरनर त्याहून साधी. 1968 साली आली तेव्हा किंमत 2,896 डॉलरपासून. पुढे सोफ्यासारखी सलग सीट, खाली गालिच्याऐवजी रबरी मॅट, आणि बॉनेटखाली 383 क्युबिक इंचाचं, 335 हॉर्सपॉवरचं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन. पैसा इंजिनात घातला, बाकी सगळीकडे वाचवला. फक्त कार्टूनमधल्या त्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सना 50 हजार डॉलर मोजले, आणि हॉर्नही त्याच्यासारखा बीप-बीप वाजणारा बसवला. त्या वर्षी सरकारनं ठरवलेलं किमान वेतन तासाला 1.60 डॉलर होतं. म्हणजे किमान वेतनावर राबणाऱ्याच्या 1,810 तासांच्या मजुरीची गाडी. कारखान्यातला कामगार तर त्याहून पुष्कळ जास्त कमवायचा.

हा हिशेब मी सारखा करतो त्याला कारण बाबा आहेत. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीनं क्रायस्लरशी करार करून 1947 पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डेसोटो जोडायला सुरुवात केली. पन्नासच्या दशकात बाबा तिथे फिटर होते. सुटे भाग अमेरिकेहून लाकडी खोक्यांत यायचे. आमच्या चाळीतल्या खोलीत डाळ-तांदळाच्या डब्यांची फळी त्याच लाकडाची होती. 1996 च्या ऑगस्टमध्ये बाबा इकडे आले तेव्हा त्यांना वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर नेलं. वुडवर्ड ड्रीम क्रूझला आदल्याच वर्षी सुरुवात झाली होती. मैलोन्‌मैल जुन्या गाड्यांची रांग. बाबा घडीच्या खुर्चीत बसून बघत होते. एका प्लिमथवाल्याशी मी बोलणं काढलं. तो डेट्रॉइटमधल्या लिंच रोडच्या प्लिमथ कारखान्यात कामाला होता. त्यानं गाड्या जोडल्या आणि पगारातून स्वतःलाही एक घेतली. बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आम्हीपण प्लिमथच जोडायचो रे. घरी मात्र लोकलनं यायचो."

सत्तरच्या दशकात हा खेळ संपला. तरुण पोरांच्या ह्या गाड्यांवर विमा कंपन्यांनी जबर हप्ते लावले, धुराचे कायदे आले, 1971 पासून जनरल मोटर्सनं इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे ताकदच, उतरवलं, आणि 1973 चं तेलसंकट वर पडलं. त्यानंतरची दहा-बारा वर्षं त्या फक्त पेट्रोलखाऊ सेकंडहँड गाड्या होत्या. म्हणून तर मला मिळाली.

1993 मध्ये ती विकून पहिला लेथ घेतला. लेथ अजून चालतो. आज तशीच रोडरनर घ्यायची म्हटलं तर दोन्ही लेथ विकून भागणार नाही.

सुरुवातीचं गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यातली माणसं. गाडी सकाळी चालू होत नाही, शनिवारपर्यंत करून दे, एवढीच मागणी. कार्टर कंपनीच्या कार्ब्युरेटरवर वरच्या स्क्रूखाली पत्र्याची बोटभर पट्टी असते, तीवर नंबर. धुताना आड येते म्हणून मी ती काढून सरळ कचऱ्यात टाकायचो, आणि कुणी कधी विचारलंही नाही. मग गाडीत मूळचेच भाग आहेत का, त्यांचे नंबर जुळतात का, ह्यावर किंमत ठरायला लागली. एका जुन्या गिऱ्हाइकाची गाडी विकायला निघाली, घेणाऱ्यानं पट्टी मागितली, आणि ती माझ्या कचऱ्यातून केव्हाच गेली होती. भाव पडला. मी त्याला कामाचे पैसे परत केले, तरी त्याचं नुकसान भरून निघणारं नव्हतं. आता मी एकेका पट्टीला जेवढे मोजतो, तेवढ्यात तेव्हा अख्खा कार्ब्युरेटर करून द्यायचो.

2009 साली क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दोन्ही दिवाळखोरीत गेल्या. त्या एक-दोन वर्षांत आमच्या जुन्या गिऱ्हाइकांनी घराचे हप्ते भरायला गाड्या विकायला काढल्या. बंद ट्रेलरमध्ये चढून त्या गेल्या. धंदा बसेल असं वाटलं, झालं उलटंच. नव्या मालकांकडे पैसा होता, मजुरी दुप्पट झाली. पण कार्ब्युरेटर येतात ते चकचकीत करायला. एक तर सोनेरी मुलामा चढवून दिला, दोन वर्षांनी परत आला, आत पेट्रोलचा वाससुद्धा नाही. 2014 मध्ये एक 1971 ची प्लिमथचीच हेमी 'कुडा, उघड्या टपाची, लिलावात 35 लाख डॉलरला गेली, त्यानंतर तर लोक गाडीवर हात ठेवायलाही घाबरतात. आमचं पोट त्यावरच चालतं, म्हणून फार बोलत नाही.

खरं काम अजून येतं ते चालवणाऱ्यांकडून. पेट्रोलमध्ये हल्ली दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. अ‍ॅक्सिलरेटर पंपाची वाटी फुगते आणि पाय दाबला की गाडी अडखळते. थ्रॉटलच्या शाफ्टची भोकं झिजून हवा ओढतात, तिथे आम्ही पितळी बुश घालतो. आमच्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई हिरव्या रोडरनरमधून किराणा आणतात. दाराला ओरखडे, मागच्या सीटवर बटाट्याची पोती. त्यांचं काम मी कुणाला देत नाही, स्वतः करतो, आणि फ्लोटची (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ठरल्या उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी लावून झाली की गाडी शेजारच्या गल्लीतून एक चक्कर मारून आणतो. हॉर्न वाजवल्याशिवाय राहवत नाही.

टपालानं कार्ब्युरेटर पाठवणार असाल तर पेट्रोल पूर्ण काढून, गुंडाळून पाठवा. स्क्रूखालच्या पट्टीला हात लावू नका.