रिसायटलचे पीस ठरवताना

रविवार, रात्री उशिरा

माझ्याकडे पियानो शिकणाऱ्या मुलांच्या डिसेंबरच्या रिसायटलची, म्हणजे स्टेजवरच्या वादनाच्या कार्यक्रमाची, यादी आज बरीचशी ठरली. गणपती आटोपले की मी हे काम हातात घेतेच. पीस, म्हणजे वाजवायची रचना, बोटांत बसायला फार दिवस लागत नाहीत, पण मुलाला तो आपला वाटायला लागेपर्यंत बराच काळ जावा लागतो.

माझा आग्रह एकच असतो: मूल ग्रेडच्या परीक्षेत जे वाजवतं, त्याहून एक पायरी सोपं स्टेजवर द्यायचं. परीक्षेत समोर परीक्षक असतात, इथे आजी-आजोबांसकट सगळं घर बसलेलं असतं. शिवाय बहुतेकांचा सराव घरच्या डिजिटल पियानोवर झालेला. हॉलमधल्या खऱ्या पियानोच्या पट्ट्या जड लागतात, पेडलचा अंदाज चुकतो. अशा वेळी पीस अगदी आवाक्याच्या टोकाचा असला तर मूल फक्त तो पार पाडतं, आपण काय वाजवतोय ते त्याला ऐकूच येत नाही. ‘पुढच्या ग्रेडमधलं काहीतरी द्या ना’ म्हणणाऱ्या पालकांना हे सांगत राहावं लागतं, आणि मी सांगत राहते.

‘फ्युर एलिझ’ची मागणी दरवर्षी असते. बेथोव्हेननं 1810 मध्ये लिहिलेला हा पीस छापला गेला थेट 1867 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर 40 वर्षांनी. सुरुवातीच्या ओळी सगळ्यांना येतात. पण पुढे एफ मेजर या स्वरमालेत उजव्या हाताची ती धावपळ आहे, आणि त्याहून पुढे डाव्या हातात ए हा एकच सूर धडधडत राहतो, त्याच्यावर सगळं वातावरण बदलतं. हे भाग ज्याला खुणावत नाहीत त्याला हा पीस द्यावासा मला वाटत नाही. यंदा तो कॉलेजातल्या एका मुलीकडे गेलाय. तिनं पहिल्याच दिवशी पान उलटून मधला भाग काढला होता.

सर्वांत जास्त विचार केला तो सातवीतल्या एका मुलासाठी. त्याची बोटं विलक्षण चपळ आहेत. त्याला हवा होता बुर्गम्युलरचा ‘अराबेस्क’. तो त्याला सहज जमेल, मधल्या भागात तीच धावती ओळ डाव्या हाताकडे येते तिथेसुद्धा तो अडणार नाही. म्हणूनच नको म्हटलं. त्याच्यापुढे शुमानचा ‘पहिली हानी’ ठेवला. शुमाननं 1848 मध्ये थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी काही छोटे पीस लिहिले, त्यातूनच 43 पीसचा संग्रह झाला. हा त्यातलाच. स्वरमाला ई मायनर, सूर वरून खाली उतरत येतो, वेग बेताचा. लपायला जागा कुठेच नाही. पहिल्यांदा त्यानं तो भरभर वाजवून संपवला. मग मी त्याला पट्ट्यांना हात न लावता ती ओळ नुसती गुणगुणायला लावली, आणि श्वास कुठे घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलीनं खूण करायला सांगितली. पुढच्या वेळी त्या खुणांपाशी त्याचं मनगट आपोआप उचललं गेलं. शेवटाकडे अचानक जोरकस कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर) येतात, तिथे तो थांबला.

‘ताई, हे दुःखाचं आहे ना? मग इथे एवढं जोरात का?’

‘आवडती वस्तू गेली की रागही येतोच ना रे?’

‘मग चिडून वाजवू?’

‘वाजव की. पण तेवढ्यापुरतंच.’

आता तो ‘अराबेस्क’ची आठवणही काढत नाही.

तीन धाकट्या मुलींना चायकोव्हस्कीच्या 1878 च्या मुलांच्या अल्बममधले बाहुलीचे पीस वाटून दिलेत: आजारी बाहुली, बाहुलीची अंत्ययात्रा, नवी बाहुली. पहिल्यात सुरांच्या मधे शांतता आहे, दुसरा सी मायनरमधला संथ मार्च, तिसरा एका दमात धावणारा. तिघी लागोपाठ वाजवतील, मधे टाळ्या नाहीत. दुसरा पीस वाजवणाऱ्या मुलीच्या आईला कार्यक्रमात ‘अंत्ययात्रा’ हा शब्द नको होता. मी त्यांना तिन्ही पीस वाजवून दाखवले. दुसरा गाळला तर नव्या बाहुलीच्या आनंदाला काही अर्थच उरत नाही. ऐकल्यावर त्यांनाही पटलं. भातुकली खेळणाऱ्या पोरींना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं.

सुरुवात सगळ्यांत लहान मुलगा जी मेजरमधल्या मिन्युएटनं (जुन्या नाचाच्या चालीवरच्या पीसनं) करेल. बाखनं पत्नीसाठी केलेल्या वहीत हा पीस आहे, म्हणून वर्षानुवर्षं तो बाखच्या नावावर छापला गेला. तो ख्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे, आणि आमच्या पत्रिकेत पेट्झोल्डचंच नाव येईल. छपाईवाल्याला हे ठळक लिहून दिलंय.

राहता राहिला दहावीतला मुलगा. बोर्डाचं वर्ष, सरावाला वेळ नाही, आणि रिसायटल सोडायची तर त्याची तयारी नाही. त्याच्यासाठी शोपाँचा ए मेजरमधला प्रिल्यूड हा छोटा पीस मनात आहे. अवघे 16 बार (तालाचे खंड), पण बाराव्या बारमध्ये फार रुंद कॉर्ड आहे. मंगळवारी त्याचा हात त्या पट्ट्यांवर ठेवून बघते. नाही पोचला तर सूर खालून वर एकामागोमाग घेऊ, तेही चांगलंच वाटतं.