स्वरमंडळाला पिकअप, भाग ५: हम सापडला

सापडला! कोजागिरीच्या बैठकीपासून पिच्छा न सोडणारा तो हम (स्पीकरमधली सततची घूं-घूं) मिक्सरमधून येत नव्हता, अडॅप्टरमधून नव्हता, बफरमधूनही नव्हता. तो माझ्या अंगातून येत होता.

चौथ्या भागात कुठे थांबले होते ते थोडक्यात. मिरजेहून आणलेलं ३६ तारांचं स्वरमंडळ, ब्रिजशेजारी तबलीवर (वरच्या लाकडी फळीवर) बाहेरूनच चिकटवलेली २७ मिलिमीटरची एक पिएझो चकती (कंपनांचा विजेचा सिग्नल करणारी, म्हणजेच पिकअप), टीएल०७२ या ॲम्पच्या चिपचा बफर (चकतीचा सिग्नल न गळता पुढे देणारं सर्किट) आणि ९ व्होल्टची बॅटरी. वाद्याला भोक पाडायचं नाही, हे पहिल्या भागातच ठरलं होतं. बफर बसवल्यावर मंद्र पंचम पहिल्यांदा भरून ऐकू आला, त्या संध्याकाळचा आनंद अजून ओसरलेला नाही.

‘बफर खरंच लागतो का?’ असं बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून आकडे सांगते. चकतीची कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) माझ्या मीटरवर १९ नॅनोफॅरड येते. ती थेट मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली, की साधारण ८४० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. माझ्या पट्टीचा, काळी पाचचा षड्ज २३३ हर्ट्झवर, मंद्र पंचम १७५ वर. म्हणजे तारेचा मूळ स्वरच गळतो आणि पत्र्यासारखी टणटण उरते. इनपुट १ मेगाओहमचं मिळालं की तीच हद्द ८ हर्ट्झवर जाते. तेव्हा हो, लागतोच. आणि गिटारचा मॅग्नेटिक पिकअप लावू नका. तो पाच-सहा सेंटिमीटर रुंदीच्या सहा तारांसाठी असतो, आणि पितळी तारा त्याला ऐकूच येत नाहीत.

आता हम. स्वरमंडळ टेबलावर ठेवलं की थोडासाच असायचा. मांडीवर घेतलं की वाढायचा, आणि बोटं तारांना टेकली की असा चढायचा, की तानपुऱ्याचा षड्ज त्यात बुडून जायचा. पहिला संशय अडॅप्टरवर. म्हणून मिक्सर बाजूला ठेवून सगळं बॅटरीवरच्या रेकॉर्डरला जोडलं. हम तसाच. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये सुळका ५० हर्ट्झवर होता. अडॅप्टर बिघडलेला असता तर तो १०० वर दिसला असता, कारण रेक्टिफायरनंतरची (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतरची) लहर दुप्पट वारंवारतेची असते. ५० म्हणजे घराच्या वायरिंगमधून हवेतून उतरणारी वीज.

मग शिल्डिंग (बाहेरची वीज अडवणारं धातूचं कवच) कमी पडतंय असं धरून चकतीवर तांब्याची टेप चढवली. काडीचा फरक नाही. इथे दोन अख्खे रविवार गेले आणि मी खरंच रडकुंडीला आले. शेवटी मीटर बीपवर लावून (जोडणी सलग असेल तर तो वाजतो) टेपच्या दोन तुकड्यांना टेकवला, तर बीप नाही! टेपचा गोंद वीजवाहक नव्हता. वरचा तुकडा अर्थला (सर्किटच्या अर्थिंगच्या टोकाला) जोडलेला आणि त्याच्याखालचा नुसताच तरंगता. पाकिटावर मात्र ठळक अक्षरांत ‘शिल्डिंग टेप’. घेताना गोंद वीजवाहक आहे का ते विचारा, आणि उत्तर काहीही मिळालं तरी प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका द्याच. तसा दिल्यावर टेबलावरचा हम गेला. हात लावल्यावरचा राहिला.

मंगळवारी भाचा शेजारी बसला होता. उजवा हात तारांवर ठेवून मी डाव्या हाताने मिक्सरमधला जॅक नीट बसवायला गेले, बोटं जॅकच्या धातूला लागली आणि हम एकदम बंद. सोडला, आला. धरला, गेला. भाचा म्हणाला, “मावशी, तुझ्यातूनच येतंय ते.”

अगदी बरोबर. भिंतीतल्या वायरिंगचा दाब माझ्या अंगावर उतरतो, अंगातून तारांवर, आणि तारांपासून चकती काही मिलिमीटरवरच. इलेक्ट्रिक गिटारमध्ये सगळ्या तारा धातूच्या ब्रिजवरून अर्थला गेलेल्या असतात, त्यामुळे वाजवणाराही अर्थ होतो. माझ्या स्वरमंडळाचा ब्रिज हाडाचा. म्हणजे ३६ तारा, ३६ वेगळ्या अँटेना.

उपाय असा केला: तारा जिथे खिळ्यांना अडकवलेल्या असतात, त्या बाजूने तांब्याची उघडी बारीक तार प्रत्येक खिळ्याला एकेक वेढा देत नागमोडी नेली. एकही डाग नाही, उद्या काढायची झाली तर पाच मिनिटांत निघेल. अकरा खिळ्यांवर बीप येईना, तिथे गंज होता. बारीक पॉलिश पेपरने घासून ते सगळे बोलते केले. दोन संध्याकाळी लागल्या. त्यानंतर पूर्ण आवाज उघडून तारांवर हात फिरवला, तर फक्त सूर. मी बराच वेळ यमनचे स्वर छेडत बसले होते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ही तार थेट अर्थला जोडू नका. मांडवातल्या वीजजोडणीत अर्थिंग धड असेलच याची खात्री नसते. मिक्सरच्या बॉडीवर करंट उतरला तर तो तारांतून हातात येईल, आणि समोर तोंडाशी माइक असेल. मी ती तार आणि अर्थ यांच्या मध्ये १०० आणि १२० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक घातलेत. २३० व्होल्ट आले तरी सुमारे १ मिलिअँपिअरच जाईल, आणि हम घालवायला एवढी जोडणी पुरते.

पुढचा बेत होता तार सप्तकाच्या बाजूला दुसरी चकती लावायचा, कारण तिकडचा आवाज अजून बारीक येतो. फ्रान्सच्या कॅमॅक कंपनीच्या इलेक्ट्रिक हार्पमध्ये प्रत्येक तारेला स्वतंत्र पिएझो असतो, तेवढं मला झेपणारं नाही. पण हे लिहिताना वेगळंच सुचतंय. दुसरी चकती पहिलीला खेटूनच लावायची, फक्त उलटी, म्हणजे सिरॅमिकची बाजू लाकडाकडे. तिचा सिग्नल उलटा यावा (ते लावून बघूनच कळेल), पण उरलासुरला हम दोन्हींत सारखाच. मिक्सरच्या एक्सएलआर इनपुटला (ते दोन सिग्नलमधला फरक घेतं) दोन्ही दिले की वजाबाकीत हम जाईल आणि सूर दुप्पट होईल. फार दूर ठेवल्या तर वरच्या स्वरांना तबली दोन्हीकडे उलटसुलट हलेल, म्हणून खेटून. आणि टीएल०७२मध्ये दोन ॲम्प असतातच, त्यातला एक आजवर रिकामा बसलाय! आउटपुटला कपॅसिटर घालेन आणि फँटम पॉवर (मिक्सर माइकला त्याच केबलमधून देतो ती वीज) बंद ठेवेन.

तर तार सप्तक आणखी थोडं थांबेल. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या चकत्यांपैकी तीन शिल्लक आहेत. आत्ताच मोजल्या: १९.२, २०.५ आणि १८.८ नॅनोफॅरड. तबलीवरची १९ ची आहे, म्हणजे जोडीला १८.८ किंवा १९.२. दोन्ही शनिवारी लावून बघते.