आजची बैठक अन् चुन्याचं जंगल
गडचिरोलीकडच्या एका गावात आज दिवसभराची बैठक घेतली, सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे वनहक्क कायद्यानं साऱ्या गावाला हक्क मिळालेल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचा म्हणून. प्रोजेक्टर नेलाच नाही, लाईटचा काय भरोसा. समाजमंदिराच्या अंगणात चुना अन् रांगोळी ठेवली, म्हटलं काढा आता तुमचं जंगल. नेहमीसारखे माणसं पुढं, बाया भिंतीला टेकून. मग एक आजी उठल्या, "काऊन बाप्पा, नाला तिकडं कुठून आणला?" म्हणत पायानंच चुना पुसला अन् नाला मोहाच्या झाडांखालून नेला, अन् त्यानंतर जे सुरू झालं ते भात थंडा होईपर्यंत थांबलंच नाही, तेंदू कुठं दाट आहे, बांबू कुठं वाळून राहिला, सगळं. अशा वेळी फॅसिलिटेटरनं, म्हणजे बैठक चालवणाऱ्यानं, फक्त गप बसायचं असते, आणि तेच लय अवघड राजेहो, जीभ वळवळते.

वनहक्काच्या नियमात २०१२ पासून ग्रामसभेच्या कोरमसाठी, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या कमीत कमी हजेरीसाठी, हजर लोकांत किमान एक तृतीयांश बाया लागतात. रजिस्टरवर सह्या होतात हो, पण बाया बोलल्या का हे कोण लिहिते? माझं मत, आधी बायांचा गट वेगळा बसवावा, मग सगळे एकत्र.

दुपारी चराईबंदीवर गाडी अडली. काही जण म्हणे हात वर करा अन् संपवा. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं चालते, ते सांगितलं. बकऱ्यावाले मतदानात हरले असते अन् उद्या बकऱ्या तिथंच चरल्या असत्या. मुद्दा पुढच्या ग्रामसभेवर गेला. जाऊ द्या, घाई कोणाला आहे.