बेचाळीस गोळ्या आणि एक घाईचं ‘नाही’

शुक्रवारी डाव्या कुशीत चमक आली, तेव्हा मला वाटलं आदल्या दिवशी जड पेटी ओढली त्याची लचक असणार. मलम चोळलं. घरात आयबुप्रोफेनच्या वेदनाशामक गोळ्या होत्या, त्या सुरू केल्या. दिवसाला दोन, कधी तीन. पण लचक असली की हललं तर दुखतं. हे बसल्याजागी दुखत होतं, आणि नुसता कपडा लागला तरी कातडी भाजल्यासारखी व्हायची. वर कातडीवर मात्र काही नाही.

सोमवारी संध्याकाळी आरशात पाठ वळवून पाहिलं, तर कण्यापासून डाव्या छातीखालपर्यंत लाल पट्टा, आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पाण्याचे फोड. घोसच्या घोस. आमच्या ह्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “ही नागीण आहे. उद्या डॉक्टर.” मी ‘बघू दोन दिवस’ म्हणणार होते. तेव्हा ऐकलं, हे बरं झालं.

नागिणीचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस जातो, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मंगळवारी डॉक्टरांना ते भीत भीत विचारलंही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जारज्जूच्या बाजूच्या चेतागाठीत वर्षानुवर्षं झोपून राहतो. पुढे वय, आजारपण, कमी झालेली प्रतिकारशक्ती, अशा कशाने तरी तो जागा होतो आणि त्या एका नसेच्या वाटेने कातडीवर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूची, म्हणून पट्टा साधारणपणे मध्यरेषेपाशी थांबतो. वेढ्याची भीती नको. त्यांना काळजी होती ती वेगळीच. त्यांनी माझं कपाळ, नाकाचा शेंडा आणि कान नीट पाहिले. तिथे फोड असते तर त्याच दिवशी डोळ्यांच्या किंवा कानाच्या डॉक्टरांकडे जावं लागलं असतं, कारण डोळ्याची नजर जाऊ शकते, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते.

मग प्रश्न. “पुरळ पहिल्यांदा कधी दिसलं? दुखणं नाही, पुरळ.” काल संध्याकाळी, मी म्हटलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात उपयोगाच्या. उशीर झाला म्हणून देतच नाहीत असं नाही, नवे फोड येत असले तर नंतरही देतात, पण पहिले तीन दिवस सोन्याचे. पुढचे प्रश्न भराभर आले. मधुमेह? स्टिरॉइड चालू आहे? कॅन्सरवरची काही औषधं? रोजच्या गोळ्या कोणत्या? बीपीची गोळी सांगितली. “किडनीचा काही त्रास?”

“नाही,” मी म्हटलं. लगेच.

खोटं नव्हते बोलत. किडनीचा त्रास म्हणजे माझ्या डोक्यात मुतखडा नाहीतर डायलिसिस. रक्ताच्या रिपोर्टातला एक वाढलेला आकडा म्हणजे ‘त्रास’, हे माझ्या गावीही नव्हतं. आणि आयबुप्रोफेनचं काही बोललेच नाही, कारण ते काय, घरातलं औषध.

चिठ्ठीवर व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम, एक गोळी, दर आठ तासांनी, सात दिवस. केमिस्टकडे १००० ची नव्हती, ५०० ची होती. त्याने बेचाळीस गोळ्या दिल्या, खोक्यावर ‘एका वेळी २’ लिहिलं आणि तोंडानेही दोनदा सांगितलं. तरी घरी आल्यावर आमचा वाद झालाच. ह्यांचं म्हणणं, चिठ्ठीत ‘एक गोळी’ आहे तर एकच घ्यायची, दुकानदाराचं काय ऐकायचं? शेवटी भिंगातून पाकिटाच्या चंदेरी बाजूवरचे ५०० आणि चिठ्ठीवरचे १००० शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा मिटलं. गोळ्या मोजायच्या नाहीत, मिलिग्रॅम मोजायचे.

पहिल्या दोन गोळ्या मंगळवारी रात्री दहाला, पेलाभर पाण्याबरोबर. या गोळ्या रिकाम्यापोटी चालतात, जेवूनही चालतात. माझ्या पोटात ढवळायला लागलं, म्हणून मी पुढे खाल्ल्यावरच घेतल्या. डोकंही थोडं चढलं होतं. दोन्ही गोष्टी या औषधाने होतात असं आधीच सांगितलेलं असल्याने घाबरले नाही. बुधवारी सकाळी सहाला दोन, दुपारी दोनला दोन.

बुधवारी संध्याकाळी चिठ्ठी फायलीत लावायला घेतली. मला कागद जागच्या जागी लागतात, हा माझा दोष म्हणा. फाइल उघडली तर वरच्याच प्लॅस्टिकच्या कप्प्यात गेल्या वर्षीचा रक्ताचा रिपोर्ट. क्रिएटिनिन १.४ (किडनी मंद झाली की हा आकडा वाढतो), आणि त्याखाली ईजीएफआर ४२ (किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज). आकड्याशेजारी बारीक बाण. खाली तेव्हाच्या डॉक्टरांच्या अक्षरात: ‘वेदनाशामक टाळा. पाणी. पुन्हा तपासा.’ मी पुन्हा तपासलं नव्हतं, आणि टाळायला सांगितलेलीच गोळी शुक्रवारपासून खात होते.

तो कागद हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. मग फोन लावला. मनात धाकधूक, की बाई आता ओरडणार. त्यांनी आकडा विचारला, माझं वय विचारलं (चौसष्ट), वजन विचारलं. नंतर, “दुखण्यासाठी घरचं काही घेताय का?” सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. तेवढी पुरली.

रात्री दहाची गोळी घेऊ नका, आयबुप्रोफेन आत्तापासून बंद, सकाळी रक्त द्या, आणि उद्यापासून हजार मिलिग्रॅम, पण दिवसातून दोनदाच, सकाळी आठ आणि रात्री आठ. दुखण्याला पॅरासिटामॉल. गुरुवारी दुपारी रिपोर्ट आला, क्रिएटिनिन १.५. फार नाही, पण वर गेलं होतं. दोनदाचं प्रमाण तसंच ठेवायला सांगितलं.

हे असं का, ते त्यांनी नंतर नीट समजावलं. हे औषध शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः किडनीवाटे. किडनी मंद असेल तर आधीचं पुरतं जायच्या आत पुढचं येतं आणि रक्तात साठत जातं. साठलं की पहिल्यांदा डोक्यावर परिणाम दिसतो: गुंगी, गोंधळ, हात थरथरणं, नसलेलं दिसणं. वयस्कर माणसाच्या बाबतीत घरचे म्हणतात, वय झालं, किंवा दुखण्याने बडबडतेय, आणि औषध चालूच राहतं. शिवाय पाणी कमी पडलं तर औषधाचे बारीक स्फटिक किडनीच्या नळ्यांत अडकू शकतात. वरून आयबुप्रोफेनसारखी गोळी किडनीचा रक्तपुरवठा आवळते. थोडक्यात, मी तिन्ही बाजूंनी नाकाबंदी केली होती.

ह्यांच्यावर काम सोपवलं गेलं की मी असंबद्ध बोलायला लागले, लघवी कमी झाली किंवा जास्तच पेंगायला लागले तर लगेच फोन करायचा. ह्यांनी गंभीरपणे विचारलं, “असंबद्ध म्हणजे नेहमीपेक्षा किती जास्त?” डॉक्टर त्या आठवड्यात तेवढ्या एकदाच हसल्या.

पाण्याबद्दल एक सांगते, कारण ‘भरपूर पाणी प्या’ म्हटलं की माणसं बादली घेऊन बसतात. मला सांगितलं होतं, दिवसभर थोडं थोडं, तहान लागायची वाट न पाहता, लघवी फिकट राहील इतकं. ज्यांना हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच वाढवायचं.

दिवसाला दोनदा म्हणजे सोपं, असं कोणालाही वाटेल. पण दुखण्याने झोप उडालेली, रात्रीच्या ठणक्यासाठी गॅबापेन्टिनची सगळ्यात कमी ताकदीची एक गोळी सुरू झालेली (तीही किडनीवाटेच जाते, म्हणून तिचंही माप जपून), आणि डोक्यात सगळं धुकं. गुरुवारी रात्री साडेआठला मला आठवेना की आठच्या गोळ्या घेतल्या का. घेतल्यासारखं वाटतंय, पण ती सकाळची आठवण असेल तर? पाकीट मोजून बघितलं, तरी हिशेब जुळेना, कारण बुधवारच्या वेळा वेगळ्या होत्या. मग लेकीने पाकिटाच्या मागच्या चंदेरी कागदावर पेनाने प्रत्येक जोडीच्या वर लिहून टाकलं: शुक्र स, शुक्र रा, शनि स, शनि रा. जोडी फोडली की अक्षरं फाटतात. कागद फाटलाय म्हणजे गोळी पोटात गेली. मोबाइलमध्ये गजर लावणारी ॲप असतात म्हणे, पण गजर बंद करून झोपणारी मी एकटी नसेन.

शनिवारी रात्री तेच झालं. गजर बंद केला, पाच मिनिटं पडते म्हटलं आणि जाग आली अकराला. मनात आलं की आता सकाळीच चार घेऊन टाकू, हिशेब सारखा. नशिबाने चादरीतूनच लेकीला हाक मारून विचारलं. तिने औषधाबरोबरचा घडीचा कागद उलगडून वाचला: आठवल्यावर घ्यावी, पुढच्या वेळेच्या अगदी जवळ आलं असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दुप्पट कधीही घेऊ नये. अकराला दोन घेतल्या, सकाळी आठला नेहमीच्या दोन. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही विचारून घेतलं. बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी मात्र माझा विश्वासच उडाला होता. गोळ्या चालू, आणि फोड वाढतायत. बगलेकडे नवा घोस उठला. मला वाटलं, माप कमी केलं म्हणून लागू पडत नाहीये. तसं नव्हतं. ही गोळी विषाणूला मारत नाही, त्याच्या नकला निघणं थांबवते. आधी निघालेल्या नकला आणि सुजलेली नस आपला वेळ घेतातच. लेकीने मग सगळी कुंडलीच मांडली. व्हॅलासायक्लोव्हिरचं शरीरात ॲसायक्लोव्हिर होतं, आणि ते निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय पडून राहतं. विषाणू शिरलेल्या पेशीत विषाणूचंच एक विकर त्याला जागं करतं. चोराने स्वतःच्याच हाताने घंटा वाजवावी तसं. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ॲसायक्लोव्हिर आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, दोघांसोबत विभागून. त्यांनी पीएचडी पूर्ण केलेली नव्हती, हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

माझ्या थोरल्या भावाला काही वर्षांपूर्वी नागीण झाली तेव्हा त्याला साधं ॲसायक्लोव्हिर होतं, ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा. सात, अकरा, तीन, सात, अकरा. ते पोटातून रक्तात फार कमी उतरतं आणि लवकर निघूनही जातं, म्हणून पाच वेळा. “तुझं बरंय, दोनदाच,” तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, दोनदा मिळायला काय काय करावं लागलं ते ऐक.

पाचव्या दिवशी फोड मळकट झाले, सातव्या दिवशी बहुतेकांवर खपली. तोवर सुनेला मी घरी येऊ दिलं नाही, ती गरोदर आहे. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या असं तिची आई सांगत होती, तरी नको. माझ्या फोडांतलं पाणी लागून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. पट्टा सैल कापडाने झाकलेला, टॉवेल वेगळा. खपल्या धरल्यावरच ती आली.

मंगळवारी रात्री आठला शेवटची जोडी. दुखणं तेव्हा संपलं नव्हतं, आजही पुरतं संपलेलं नाही. सहा आठवडे झाले, गार वाऱ्याने अजून कुशीत झिणझिण्या येतात. तीन महिन्यांच्या पुढे राहिलं तर त्याला वेगळं नाव आणि वेगळे उपचार आहेत, अजून तिथवर पोचलेले नाही. दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा दिलं, क्रिएटिनिन १.४ वर परत. नागिणीच्या लशीचं विचारलं आहे, त्या म्हणाल्या आधी पूर्ण बऱ्या व्हा.

माप कमी झाल्यामुळे बेचाळीसातल्या बारा गोळ्या उरल्या. हे म्हणाले, राहू दे, पुन्हा झालं तर. मी म्हटलं, पुन्हा झालं तर पुन्हा डॉक्टर.

परवा शेजारच्या ताई आल्या, ओठाच्या कोपऱ्यावर फोड. त्यांना अधूनमधून येतात. नागिणीच्याच घराण्यातला दुसरा विषाणू, गोळीही पुष्कळदा हीच, पण मापं आणि दिवस अगदी वेगळे. बारा गोळ्या उरल्याचं त्यांना कुठून कळलं देव जाणे. “दे की चार, उगाच डॉक्टरची फी कशाला?”

मी विचारलं, “ताई, तुमच्या किडनीचं कसं आहे?”

“माझ्या?” त्या म्हणाल्या. “छे गं! मला किडनीचा काही त्रास नाही.”