तलवारीची पाठ आधी बघा

जुनी तलवार कुणाच्याही हातात दिली की अंगठा आधी धारेकडे जातो. मी पाठ बघते. पात्याच्या त्या बोथट कडेवर, लष्करी तलवारीबद्दल जे कळायला हवं त्यातलं निम्मं कळतं. मुठीजवळ पाठीची जाडी मोजायची, मग मध्यावर, मग टोकाच्या जरा अलीकडे. लढाईसाठी घडवलेल्या चांगल्या तलवारीत हा आकडा उतरत जातो. मुठीशी 8-9 मिलिमीटर असलेलं पातं टोकाकडे 2-3 मिलिमीटरवर येतं. तलवारीचा तोल मुख्यतः या उतारावर ठरतो. भिंतीवर टांगायला केलेल्या नकलेचं पातं बहुतेकदा एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेलं असतं. ती उचलली की मनगट लगेच सांगतं, वजन पुढे पळतंय.

ब्रिटिश हलक्या घोडदळाची 1796 ची वक्र तलवार या बाबतीत माझी सर्वात आवडती. ती घडवून घेणारा अधिकारी जॉन गॅस्पर्ड ल मार्शां. आजच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या मोहिमेत त्याने आपल्या घोडेस्वारांचे वार जवळून पाहिले होते आणि त्याला ते अजिबात पटले नव्हते. त्याने बर्मिंगहॅमच्या कारागिराबरोबर बसून असं पातं ठरवलं की जे टोकाकडे रुंद होतं, पण त्याच वेळी पातळही होत जातं. म्हणून वार जोराचा बसतो आणि हात मात्र थकत नाही. दिसायला भारदस्त असलेली ही तलवार प्रत्यक्षात साधारण एक किलोच्या आतबाहेर भरते. पुढे प्रशियाने जवळजवळ हाच नमुना 1811 मध्ये उचलला. ल मार्शां 1812 मध्ये स्पेनमधल्या सालामांकाच्या लढाईत, घोडदळाच्या हल्ल्याचं नेतृत्व करताना मारला गेला.

पात्याच्या अंगावर जी लांब खोबण असते ती रक्त वाहून जाण्यासाठी असते, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. तसं काही नाही. पातं हलकं व्हावं आणि तरी ताठ राहावं म्हणून ती असते.

मग ब्रिटिश घोडदळाच्या तलवारीचा 1908 चा नमुना हातात घेऊन बघा. सरळ, अरुंद, फक्त भोसकण्यासाठी केलेलं पातं, आणि मूठ अशी की हात पुढे केला की टोक आपोआप समोरच्याच्या छातीच्या रेषेत येतं. घोडेस्वाराने कापावं की भोसकावं, हा वाद ब्रिटिश सैन्यात शंभर वर्षं चालला होता आणि या तलवारीने तो एका बाजूने संपवला. तलवार म्हणून तिच्यात खोट काढायला जागा नाही. ती आली तेव्हा मशीनगनही आलेली होती. पुढच्या सहा वर्षांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला ही तलवार बघताना दरवेळी त्रास होतो. इतकी बुद्धी, इतकी मेहनत, आणि ती सगळी एका संपत आलेल्या गोष्टीसाठी.

पाठीवर आणखी एक गोष्ट असू शकते, ती म्हणजे क्रमांक. लंडनच्या विल्किन्सन कंपनीने साधारण 1854 पासून आपल्या चांगल्या प्रतीच्या, अधिकाऱ्यांसाठीच्या तलवारींच्या पाठीवर मुठीजवळ क्रमांक ठोकायला सुरुवात केली आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या. या नोंदींचा मोठा भाग टिकला आहे. क्रमांकावरून तलवार कधी तयार झाली ते निघतं, आणि नशीब असेल तर ती कुणासाठी झाली तेही. माझ्याकडे 1897 च्या नमुन्याची पायदळ अधिकाऱ्याची तलवार आहे. परजेवर, म्हणजे मुठीपाशी हाताचं रक्षण करणाऱ्या भागावर, ब्रिटिश राजा पाचव्या जॉर्जची मुद्रा, म्हणजे ती 1910 नंतरची हे बघताक्षणी ठरतं. पात्यावर आद्याक्षरं कोरलेली आहेत. क्रमांक तिला 1914 मध्ये नेऊन ठेवतो. आणि पात्याच्या पुढच्या भागाला धार लावलेली आहे, कानशीचे बारीक तिरपे ओरखडे भिंगातून दिसतात.

ती धार महत्त्वाची. संचलनाच्या तलवारीला धार नसते. युद्ध जाहीर झालं की शस्त्रागारात पाठवून ती लावून घ्यायची पद्धत होती आणि 1914 च्या ऑगस्टमध्ये हेच घडलं. चकचकीत पोलादी म्यान जाऊन रणांगणासाठीचं तपकिरी चामड्याचं म्यान आलं. थोड्याच काळात लक्षात आलं की तलवार लटकवलेला माणूस लांबूनही अधिकारी म्हणून ओळखू येतो आणि नेमबाजाच्या गोळीला आधी तोच बळी पडतो. तलवारी मागे गेल्या. आता ही आद्याक्षरं, तो क्रमांक, ती धार आणि ते चामड्याचं म्यान एकत्र ठेवलं तर एका माणसाचा 1914 चा उन्हाळा समोर उभा राहतो. यातली एक जरी गोष्ट पुसली गेली तर त्याला आधार उरत नाही.

म्हणूनच मला तळमळीने सांगायचं आहे ते हे: घासू नका. घरात आजोबांची, पणजोबांची काही वस्तू निघाली की पहिला विचार ती चमकवण्याचा येतो. हेतू चांगलाच असतो, आदराचाच असतो. पण पितळेचं पॉलिश, पॉलिशपेपर, फिरती चाकं यांनी जे जातं ते कोणत्याही पैशाने परत येत नाही. पात्यावरचं आम्लाने कोरलेलं नक्षीकाम केसाच्या जाडीपेक्षाही उथळ असतं. दोन-चार वेळा जोरात घासलं की राजाची मुद्रा, रेजिमेंटचं नाव, कारखान्याचं चिन्ह सगळं धुक्यात जातं. लोखंडावर चढलेला गडद तपकिरी, घट्ट थर वेगळा आणि बोटाला लागणारा लाल, भुसभुशीत गंज वेगळा. लाल गंज जिवंत असतो, तो थांबवायलाच हवा: हलकं तेल लावून मुरू द्यायचं, मग सर्वात बारीक स्टील वूलने, तेलासकट, अगदी हलक्या हाताने. गडद थराला हातही लावायचा नाही. शेवटी मेणाचा पातळ हात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स जगभरची संग्रहालयं वापरतात आणि मीही तेच वापरते. पात्याला उघड्या बोटांनी स्पर्श करायचा नाही. घामातलं मीठ महिन्याभरात ठशाच्या आकाराचा गंज उमटवतं.

आणि तलवार चामड्याच्या म्यानात ठेवायची नाही. दोन्ही एकत्र राहिली पाहिजेत असं मन म्हणतं, पण चामडं ओलावा धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात शिल्लक असतात. पातं आतल्या आत खाल्लं जातं आणि बाहेरून काही दिसत नाही. म्यान शेजारी ठेवा.

जपानी तलवारींच्या बाबतीत तर हे दहापटीने खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यात तलवारींचे कितीतरी प्रकार होते. 1935 च्या नमुन्याची बिनसनदी अधिकाऱ्यांची (हवालदार वगैरे हुद्द्यांची) तलवार यंत्रावर तयार झालेली. बहुतेकींची मूठ ॲल्युमिनियमची, दोरी गुंडाळल्यासारखी ओतलेली आणि वर रंग दिलेला. पात्यावर क्रमांक, आणि म्यानाच्या तोंडावर तोच क्रमांक असेल तर जोडी मूळची. पण सनदी अधिकारी स्वतःची तलवार आणू शकत, आणि काहींनी घराण्यातलं शेकडो वर्षांचं पातं लष्करी मुठीत बसवून घेतलं. बाहेरून हे कळत नाही. मुठीतली बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली की आतला दांडा दिसतो, आणि कारागिराची सही असेल तर तिथेच असते. त्या दांड्यावरचा गंज कुणी कधीच काढलेला नसतो. त्याचा रंग आणि पोत बघून जाणकार पात्याचं वय ठरवतात. स्वच्छतेच्या आवडीपायी कुणी तो दांडा घासून पांढरा केला तर त्या पात्याचा जन्मदाखलाच फाडला असं समजा. जपानी पात्याला घरी धार लावणं, पॉलिश करणं हे तर पापच. ते काम वर्षानुवर्षं शिकलेल्या माणसाचं.

संगिनींकडे मोठे संग्राहक जरा दुर्लक्ष करतात, मला ते पटत नाही. नवख्याने सुरुवात संगिनीने करावी, कारण ती बोलकी असते. ब्रिटिश 1907 ची संगीन घ्या. जपानी संगिनीवरून बेतलेली, पातं 17 इंचांचं. मुठीलगतच्या सपाट भागावर राजाची मुद्रा, नमुन्याचं साल, तयार झाल्याचा महिना आणि वर्ष, कारखान्याचं नाव. पलीकडच्या बाजूला तपासनिसांचे ठसे, वाकवून बघितल्याची फुली, आणि सरकारी मालकीचा बाण. सुरुवातीच्या संगिनींच्या परजेला खाली वळलेला आकडा होता, तो 1913 मध्ये रद्द झाला आणि अनेकांचा कापून टाकला. मुठीच्या टोकाशी चिखल बाहेर पडायला भोक आलं ते 1916 मध्ये. म्हणजे 1910 च्या संगिनीला तो वळलेला आकडा नसेल आणि भोक असेल, तर ती नंतर पुन्हा कार्यशाळेतून गेलेली आहे. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील तर सरकारने ती विकून टाकली. माझ्याकडच्या एका संगिनीवर दुरुस्तीनंतर पुन्हा वापरात आल्याच्या तारखांचे ठसे एकाखाली एक आहेत. ती कुणाच्या कमरेला होती ते कधी कळणार नाही, पण ती दोन्ही युद्धांतून गेली हे लोखंडावर लिहिलेलं आहे.

नकलांबद्दल थोडं. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कमांडोंचा फेअरबर्न-साइक्स खंजीर आणि नाझी जर्मनीचे खंजीर, या दोन गोष्टींच्या नकला इतक्या आहेत की नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. पहिला खंजीर शांघायच्या पोलिसांत काम केलेल्या दोघांनी घडवला, विल्किन्सनने 1941 पासून तयार केला, आणि पहिल्या नमुन्याच्या इंग्रजी एससारख्या वळणाच्या परजेसाठी लोक वेडे होतात. म्हणून नकलाही त्याच्याच जास्त. दुसऱ्या प्रकारच्या वस्तू मी घेतच नाही. त्यांचं जतन संग्रहालयात, संदर्भासकट व्हावं असं मला मनापासून वाटतं. खासगी बाजारात त्या चिन्हाभोवती जी गर्दी जमते तिच्यात मला उभं राहायचं नाही. नकला करणं मात्र आजचं नव्हे. जर्मनीतल्या झोलिंगनच्या कारागिरांनी पासाऊ शहरातल्या पात्यांवरचं लांडग्याचं चिन्ह उचललं, इटालियन कारागीर अँड्रिया फेरारा याचं नाव नंतर कितीतरी जणांनी आपल्या पात्यांवर कोरलं. चारशे वर्षांची नक्कल आज स्वतःच संग्रहातली वस्तू झाली आहे.

युद्धातल्या इतर आठवणींमध्ये तोफगोळे, हातबॉम्ब आणि काडतुसं यांच्याबद्दल एकच सांगते: निकामी केल्याचा लेखी पुरावा नसेल तर हात लावू नका, उचलू नका, घरी आणू नका. पहिल्या महायुद्धातले गोळे फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतांतून आजही नांगराला लागतात आणि त्यातले काही आजही फुटतात.

मला कागद, डबे आणि पदकं दिवसेंदिवस जास्त ओढतात. 1914 च्या नाताळात ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पाठवलेली पितळी डबी बघा. वाटप पुढे अनेक वर्षं चाललं आणि 25 लाखांहून अधिक डब्या गेल्या. बहुतेकांना तंबाखू आणि सिगारेट. तंबाखू न ओढणाऱ्यांना लिहायचं साहित्य. भारतीय सैनिकांसाठी खडीसाखर आणि मसाल्याचे वेगळे संच. कुणीतरी बसून इतका विचार केला होता. आणि त्याच साम्राज्याने पुढे मृतांच्या घरी कांस्याची तबकडी पाठवली, साधारण 12 सेंटिमीटर व्यासाची, 13 लाखांहून अधिक. तिच्यावर फक्त नाव आहे, हुद्दा नाही. सगळ्यांचं बलिदान सारखं, म्हणून मुद्दाम ठेवलेला नाही. मी ती तबकडी कधीही घासलेली नाही आणि पुढे ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी तशी चिठ्ठी लिहून ठेवली आहे.

पदकांचा संच मोडू नये, ही माझी आणखी एक विनंती. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी ठोकलेली असते. नाव असलं की युद्धस्मारकांच्या नोंदींत शोधता येतं, माणूस सापडतो. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश तारे मात्र नावाविना दिले गेले. त्यांच्याबरोबरचा पत्ता लिहिलेला पुठ्ठ्याचा डबा, चिटोरं, पगारपुस्तिका टाकून दिली की ते तारे कुणाचेही होतात. म्हणून घरातून काही घेताना मी वस्तूआधी कागद मागते. ड्रॉवरच्या तळाशी, फोटोच्या मागे, जुन्या पाकिटात काही आहे का ते बघायला सांगते आणि घरच्यांना जे आठवतं ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घेते. ऐकीव असेल तर ऐकीव असं लिहिते.

1914-18 चं युद्धपदक चांदीचं आणि विजयपदक कांस्याचं. 1980 च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा चांदीची पदकं ढिगांनी वितळवली गेली आणि कांस्याची एकटी मागे राहिली. माझ्याकडे एका पायदळातल्या शिपायाचं असं एकटं विजयपदक आहे. त्याच्या जोडीचं पदक कदाचित भट्टीत गेलं असेल. तरीही प्रत्येक लिलावाची यादी आली की मी आधी त्याचा क्रमांक शोधते, आणि तुमच्याकडे कुठलं चांदीचं युद्धपदक पडून असेल तर एकदा त्याची कड भिंगाखाली धरून बघा आणि त्यावर जे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून ठेवा.