न विचारता मिळालेलं

जेवण झालं की डोळे जड होतात. अशा वेळी मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं डॉक्युमेंटेशन उगाच चाळत बसतो. परवा 'प्रिंट'च्या, म्हणजे मजकूर छापायच्या हुकमाच्या, पानावर अडलो. शब्दांच्या मध्ये काय घालायचं, ओळीच्या शेवटी काय, छापायचं कुठे, लगेच की सावकाश, सगळं सांगायची सोय तिथे आहे. एवढी वर्षं नुसतं 'प्रिंट' लिहिलं, आणि प्रत्येक वेळी खाली नवी ओळ आली. ती कुणीतरी ठरवून ठेवली होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

लहानपणी आई वाण्याकडे पाठवायची. "चहा आण जा," एवढंच. किती, कुठला, काही नाही. काका न बोलता डब्यातून पत्ती काढायचे, तागडी स्थिर होईपर्यंत वाट बघायचे, वर्तमानपत्राचा पुडा बांधून टांगलेल्या रिळाचा दोरा झटक्यात तोडायचे. पाहुणे असले की आई म्हणायची, "आज अर्धा किलो सांग." एकदा गल्ल्यावर त्यांचा मुलगा होता. त्याने विचारलं, "किती देऊ?" मी गप्प. दर महिन्याला पुडा घरी आणणाऱ्या मला त्याचं वजनच ठाऊक नव्हतं!

डिफॉल्टबद्दल, म्हणजे आपण काही सांगितलं नाही तर आपोआप धरल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल, माझी तक्रार असलीच तर हीच. जावा या भाषेने ही भानगडच ठेवली नाही. तिथे एकाच नावाची चार फंक्शनं, म्हणजे नावाने बोलवायचे कोडचे तुकडे, लिहीत बसा. गो या भाषेतही नाही. जावास्क्रिप्टला 2015 साली मिळालं, आणि तिथे फंक्शन बोलावलं की डिफॉल्ट दर वेळी नव्याने काढलं जातं. पायथन मात्र फंक्शनची व्याख्या करणारी 'डेफ'ची ओळ चालते तेव्हा एकदाच काय ते ठरवतो. डिफॉल्ट म्हणून आत्ताची वेळ काढणारा कॉल लिहिलात, तर सर्व्हर सकाळी नऊला सुरू झाला की संध्याकाळच्या नोंदींवरही नऊच वाजलेले. रिकामी लिस्ट, म्हणजे यादी, ठेवलीत तर ती सगळ्या कॉलना मिळून एकच. पहिल्याने टाकलेलं दुसऱ्याला मिळतं. म्हणून जाणती मंडळी तिथे 'नन' (म्हणजे काहीच नाही) लिहितात आणि नवी लिस्ट आत बनवतात. इंटरव्ह्यूत हा प्रश्न हटकून येतो, उत्तरही सगळ्यांचं पाठ असतं.

मला एक खोड आहे. यादी क्रमाने लावणारं 'सॉर्टेड' लिहिताना मी 'रिव्हर्स'पुढे (उलटा क्रम हवा का?) 'फॉल्स' (नको) असं स्वच्छ लिहून टाकतो. मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या 'इंट'लाही सांगतो, बाबा, दहाच्या पायावर मोज. तो तसाच मोजणार असतो, हे मला माहीत आहे. माझा कोड तपासायला, रिव्ह्यूला बसलेली पोरं वैतागतात. "सर, हे डिफॉल्टच आहे, काढू का?"

काढ म्हणतो. पुढच्या फाइलीत पुन्हा लिहितो.